अडीच किलो पाणी

"हे वजन नाही, पाणी आहे."

"काका, काटा साडेबावीस दाखवतोय."

"मग मी काट्याला खोटा म्हणतोय का? बरोबरच दाखवतोय बिचारा. वीस किलो सामान आणि अडीच किलो पाणी. सामानाचं भाडं तिकिटात आलं. पाणी तुमचं आहे, तुम्ही काढून घ्या."

"काका, मागे रांग आहे."

"रांग काल नव्हती. काल तुमचं विमानही नव्हतं."

सांताक्रूझच्या विमानतळावर, टाय लावलेल्या त्या तरुणासमोर सत्तारभाई असे उभे होते, जसे भिवंडीच्या सूतबाजारात आपल्या काट्यासमोर उभे राहत. पाय रोवून, हात मागे बांधून. ज्या सामानावरून हे चाललं होतं ते त्यांच्या मुलीचं, सालेहाचं. लग्नाला आठ महिने झाले होते आणि ती पहिल्यांदाच नवऱ्याकडे कुवैतला निघाली होती. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. वळकटीत गोधडी, वर चादर, वर सुतळीचे तीन वेढे. आणि सत्तारभाईंच्या एक पाऊल मागे त्यांची बायको आबिदा उभी होती. तिची नजर त्या वळकटीवर खिळली होती, वळकटी आता तोंड उघडून काही बोलून टाकेल की काय अशी.

भानगड आदल्या दिवशी सुरू झाली. जुलैचा पाऊस, विमान उडालंच नाही. कंपनीने सांगितलं, उद्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा करून देतो, सामान इथंच ठेवून जा, कशाला ओढत नेता. पेटी न् वळकटी रात्रभर मागच्या शेडमध्ये राहिली. सकाळी वजन झालं तेव्हा वळकटी खालून काळपट दिसत होती. सत्तारभाई वाकले, चादरीचा कोपरा चिमटीत धरला, गालाला लावला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी."

त्या तरुणाला याचा अर्थ कळला नाही यात त्याचा दोष नाही. तो भिवंडीचा असता तर कळला असता.

भिवंडीत सूत वजनावर विकलं जातं, आणि सूत पाणी पितं. पावसाळ्यात तर हवेतूनच पितं. विकणाऱ्याला वाटतं पिऊ दे, घेणाऱ्याला वाटतं मी पाण्याचे पैसे का देऊ. मध्ये लागतात सत्तारभाई. ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, सुताचा एक कोन बाहेर काढायचे, गालाला लावायचे आणि सांगायचे, "शेकड्याला दोन पाणी." की दोन किलो कापून उरलेल्याचे पैसे. वीस वर्षांत त्या गालाला कोणी उलट विचारलं नव्हतं. गालावरची दाढीसुद्धा ते त्या एका बाजूची जास्त घोटून काढत. आबिदा म्हणायची, तुमचा एक गाल नवऱ्याचा आहे आणि एक बाजाराचा.

शेवटी विमानाची वेळ झाली. सालेहा रडवेली होऊन "अब्बा, भरा ना" म्हणाली तेव्हा त्यांनी किलोला एकवीस या दराने बावन्न रुपये पन्नास पैसे मोजले आणि पावतीवर "पाण्यासह" असं लिहून मागितलं. ते काही मिळालं नाही. पावती मात्र त्यांनी घडी करून टोपीत ठेवली. तिथं ते फक्त देवाधर्माच्या आणि कोर्टाच्या गोष्टी ठेवत.

आता आबिदाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सामान भरायच्या दिवशी सत्तारभाईंनी गोदामातला काटा हातगाडीवर घालून कामतघरच्या चाळीत आणला होता. वजन करायची त्यांना हौस. लग्न झालं तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली एकेक वस्तू तोलली होती. हंडा साडेतीन किलो, परात एक किलो दोनशे, आबिदाने माहेरून आणलेला पितळी खलबत्ता एक किलो सातशे. आबिदालाही उभं केलं होतं काट्यावर. तो आकडा मात्र तिने त्यांना कोणाला सांगू दिला नाही. तेव्हापासून हे सगळे आकडे त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. भांडं हरवलं तर ते नाव घेत नसत. "ते नऊशेवालं कुठाय?" असं विचारत.

सालेहाच्या पेटीत एकेक वस्तू ठेवायची, तोलायची, काढायची, असं दुपारभर चाललं. खलबत्ता दोनदा आत गेला आणि दोनदा बाहेर आला.

"तिथं तयार मसाला पुड्यांत मिळतो," सत्तारभाई म्हणाले.

"पुडीतला मसाला आणि कुटलेला मसाला एक का?"

"वीस म्हणजे वीस, आबिदा. तिथंही काटाच आहे."

आबिदाने बरं म्हटलं. खलबत्ता फडताळात ठेवला. वळकटी बांधली, काटा वीसवर येऊन असा थांबला की सत्तारभाईंनी शेजारच्या बायजाबाईला बोलावून दाखवला. मग ते काटा परत पोचवायला गेले. आबिदाने फडताळाकडे पाहिलं. हा खलबत्ता तिच्या आईचा, आईला तिच्या आईने दिलेला, आणि पुढे जायला एकच मुलगी. एवढं मोठं विमान, एवढी माणसं त्यात बसणार, त्याला पावणेदोन किलोचं काय कौतुक, असं तिच्या मनात आलं. तिने सुतळी सोडली, गोधडीच्या पोटात खल ठेवला, त्याच्या पोटात बत्ता ठेवला आणि सुतळीचे तीन वेढे जसेच्या तसे मारले. हे बायजाबाईने दारातून पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.

विमानतळावर काटा साडेबावीसवर गेला तेव्हा आबिदा खरं सांगणारच होती. पण तिने तोंड उघडायच्या आत सत्तारभाईंनी चादर गालाला लावली. त्यांना पाणी सापडलं होतं, आणि सापडल्याचा आनंद इतका होता की त्यात दुसरं काही मावलं नसतं. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी पोचेपर्यंत एसटीत त्यांनी शेजारच्या चार बाकांना पाण्याचा हिशोब समजावून दिला होता. चार बाकं पटल्यावर एकट्या बायकोने काय सांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून पोस्टकार्डं सुरू झाली. दर सोमवारी एक. "कळविण्यास कारण की" अशी सुरुवात, खाली सही आणि सहीखाली "काटेवाले, भिवंडी". पहिल्या कार्डात पैशांची मागणी होती. तिसऱ्यात सूत पाणी कसं पितं याचा खुलासा होता. पाचव्यात शेडचं दार अर्धं उघडं का होतं असा सवाल होता. कंपनीकडून इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर यायचं, दर वेळी त्याच दोन ओळी. सत्तारभाई म्हणायचे, "टाइप करणाऱ्याची शाई वाया चाललीय, बाकी काही नाही."

दरम्यान कुवैतहून सालेहाचं पत्र आलं. खुशाली होती, जावयाचा सलाम होता आणि शेवटी लिहिलं होतं, "अम्मीला सांगा, सगळं पोचलं." 'सगळं' या शब्दाखाली रेघ होती. सत्तारभाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मान हलवली. "सगळं. म्हणजे पाण्यासकट."

आबिदा उठून चुलीकडे गेली. तिथं तिला काम नव्हतं. कुटायचं काम तर गेले कित्येक दिवस बायजाबाईच्या ओट्यावर चालत होतं. फडताळात खलबत्त्याच्या जागी तिने तांदळाचा डबा सरकवून ठेवला होता.

"माजा खलबत्ता झिजला, आबिदा," बायजाबाई म्हणाली. "तुजा कवा येतंय कुवैतवरना?"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतंय. तुजा घरवालाच मोठ्यान बोलतं. नाक्यावं समद्यांना म्हाईत हाय, सत्तारभाईची वलकटी अडीच किलो पानी प्याली. माजी म्हस बी येवढा न्हाय पित एका दमात."

इथपर्यंत ही गंमत होती. धामणकर नाक्यावरच्या हॉटेलात लोक म्हणायचे, चहा सत्तारभाईंच्या मापाने दे रे, दोनात अडीच येतील. सत्तारभाईही हसायचे आणि चहाचे पैसे त्या बोलणाऱ्याला द्यायला लावायचे.

पण ऑगस्टअखेर मुख्तारशेठ सूतवाले काट्यापाशी आले. ते मूळचे सत्तारभाईंचेच गिऱ्हाईक, दहा वर्षांचे. त्यांनी हसत हसतच विचारलं, "सत्तारभाई, घरच्या वळकटीतलं अडीच किलो तुमच्या हाताला लागलं नाही. माझ्या पोत्यातलं लागतं ना?"

"माझ्या हातात होती तेव्हा वळकटी कोरडी होती."

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो?"

आणि त्या दिवशी मुख्तारशेठनी आपली सहा पोती सत्तारभाईंकडे तोलून घेतली, आणि मग पलीकडच्या काट्यावर पुन्हा तोलून घेतली. वजन सारखंच भरलं, पण भरण्या-न भरण्याचा तो प्रश्नच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघांनी तसंच केलं. सत्तारभाई घरी आले, जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. त्यांचा हात तो तुकडा तोलत होता. त्यांनाही ते कळत नव्हतं.

आबिदाला कळत होतं. या माणसाचा शब्द म्हणजे याचा धंदा, आणि तो शब्द तिने गोधडीत गुंडाळून कुवैतला पाठवला होता. एक वाक्य बोलली असती तर सगळा बाजार गप्प बसला असता. त्या रात्री तिने धीर केला.

"अहो, मी काय म्हणते, त्या वळकटीत ना..."

"वळकटीतच," सत्तारभाई एकदम ताजे झाले. "बरोबर ओळखलंस. पेटी पत्र्याची, ती कुठून पिणार? सगळं प्यायली ती गोधडी. आणि तसलीच दुसरी गोधडी आपल्या घरात आहे." ते उठलेच. "त्यांच्या शेडमध्ये नेऊन ठेवतो. त्यांच्याच काट्यावर दाखवतो. मग मुख्तारशेठला तो कागद दाखवतो."

आबिदाने एकाच लुगड्याच्या दोन गोधड्या शिवल्या होत्या, एक सालेहाला, एक घरात. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या सारख्या टाक्यांचा राग आला.

अकराव्या पोस्टकार्डाला नवं उत्तर आलं. मराठीत, हाताने लिहिलेलं. अमुक तारखेला या, आपली गोधडी घेऊन या. खाली सही, रामनाथ.

सत्तारभाईंनी गोधडी तीन दिवस पत्र्यावर वाळवली, ऊन पडेल तेव्हा. वर तसलीच चादर बांधली, आणि सूत येतं त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं बंद केलं. आबिदालाही बरोबर घेतलं. साक्षीला. "पेटी भरताना तूच होतीस. तुला विचारतील." तिने डोकं दुखतंय असं सांगून पाहिलं. सत्तारभाई म्हणाले, "रस्त्यात बाम घेऊ."

रामनाथ साहेब निवृत्तीला टेकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. टेबलावर अकरा पोस्टकार्डं दोऱ्याने बांधून ठेवलेली. ही कार्डं ते घरी नेत, बायकोला वाचून दाखवत, आणि गेल्या सोमवारी कार्ड उशिरा आलं तर तिने चौकशी केली, असं त्यांनी सांगितलं. सत्तारभाईंना ही स्तुती की काय ते कळेना. त्यांनी पिशवी पुढे केली. गोधडी बाहेर काढली, काट्यावर बरोबर तीन किलो. शेडमध्ये त्याच कोपऱ्यात, त्याच फरशीवर ती ठेवली गेली. बाहेर सप्टेंबरचा पाऊस होताच. सत्तारभाईंनी दार अर्धं उघडं ठेवायला लावलं, जुलैत होतं तेवढंच.

कुर्ल्याला आबिदाच्या भावाकडे राहून दोघं सकाळी परत आली. गोधडी काट्यावर चढली. सत्तारभाई वाकले. आबिदाने डोळे मिटून घेतले.

"तीन किलो आठशे," रामनाथ साहेब म्हणाले. "म्हणजे पाणी पितं हो खरंच. कमाल आहे."

 सत्तारभाईंनी गोधडी काट्यावरून उतरवायला लावली, पुन्हा चढवायला लावली. तीन किलो आठशे. मग त्यांनी चादरीचा कोपरा गालाला लावला, आणि गालानेही तेच सांगितलं असावं. त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"साहेब, पाणी आठशे ग्राम."

"अहो, पुरे झालं की. मी वरून परवानगी आणलीय. अडीचच्या अडीच किलोचे परत करतो. बावन्न रुपये पन्नास पैसे. हे घ्या, इथं सही करा."

"आठशे ग्रामचे सोळा रुपये ऐंशी पैसे होतात."

"सत्तारभाई, मी पूर्ण देतोय."

"पूर्ण पाणी नव्हतं."

रामनाथ साहेबांनी चष्मा काढला. तीस वर्षांत त्यांच्यासमोर भांडून हरलेले आणि भांडून जिंकलेले पुष्कळ आले होते. जिंकत असताना स्वतःच स्वतःला कापणारा हा पहिला. त्यांनी आबिदाकडे पाहिलं. तुम्ही तरी सांगा, असं. आबिदा जमिनीकडे बघत होती.

"मग बाकीचं काय होतं?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

"बाकी," सत्तारभाई म्हणाले, आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते. अडीचातून आठशे. "बाकी एक किलो सातशे."

तो आकडा आबिदाने याआधी एकदाच ऐकला होता. बावीस वर्षांपूर्वी, नवी नवरी असताना, याच आवाजात. तिने हळूच मान वर केली. सत्तारभाई तिच्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे बघत होते, पण ते बघत होते आपलं फडताळ.

सोळा रुपये ऐंशी पैशांची पावती झाली. आठशे ग्राम पाण्याचा कागदही साहेबांनी सही करून दिला. निघताना ते म्हणाले, पोस्टकार्डं बंद करू नका, सवय झालीय. सत्तारभाई कसनुसं हसले.

परतीच्या एसटीत त्यांनी कोणालाही काही समजावून सांगितलं नाही. ठाणं गेलं, खाडीचा पूल गेला. ओली गोधडी दोघांच्या मध्ये बसली होती, आणि तिच्यामुळे आबिदाची एक बाजू भिजत होती. पण तिने ती सरकवली नाही. काल्हेरला गाडी रिकामी झाली तेव्हा सत्तारभाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हल्ली आमटीला बायजाबाईच्या घरची चव येते. मला वाटायचं, माझं तोंड गेलंय."

आबिदा म्हणाली, "तुम्हाला सांगत होते. दोनदा."

"दोनदा का? तिसऱ्यांदा सांगायचं."

"तिसऱ्यांदा तुम्ही गोधडी वाळत घातली."

यावर ते पुन्हा खिडकीकडे वळले. अंबाडीचं फूल उमलावं तसं त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं आणि मिटलं. ते हसू होतं की राग, हे बावीस वर्षांनीही तिला सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि थेट फडताळापाशी गेले. तांदळाचा डबा उचलला. खाली पितळेचा गोल डाग होता, वर्षानुवर्षं बसलेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग डबा पुन्हा जागेवर ठेवला, पण ठेवताना सवयीने एकदा हातात तोलला.

"काटा बरोबर होता," ते स्वतःशीच म्हणाले. "वीस होते तेव्हा वीसच होते." दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं आबिदाला दिसलं. तिलाही बरं वाटलं, आणि लगेच धडकी भरली. कारण ते आता तिच्याकडे वळले होते. आवाज चढलेला नव्हता. बाजारात दोन पार्ट्यांच्या मध्ये उभे असताना असायचा तसा, सरळ.

"उद्या मुख्तारशेठ येतील. कागद बघतील. आठशे पाणी, मान्य करतील. मग विचारतील, बाकीचं एक किलो सातशे काय. वळकटी बांधल्यावर माझ्या घरात ती पुन्हा सोडली गेली, असं सांगितलं तर माझा काटा सुटतो. पण मग सगळा नाका विचारेल, कोणी सोडली." त्यांनी डब्यावरचा हात काढला. "तुझं नाव घ्यायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. तू सांग. काय सांगू त्यांना?"

आबिदाने सुपात सुक्या मिरच्या घेतल्या. वर मूठभर धणे टाकले, दोन दालचिनीचे तुकडे टाकले. पदर खोचला. बाहेर ओट्यावर बायजाबाई खलबत्ता पुढ्यात ओढून बसलीच होती, कान इकडे लावून. आबिदा सत्तारभाईंच्या समोरून, सूप दोन्ही हातांत धरून, उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि बायजाबाईला, हळू नाही, मोठ्याने म्हणाली, "सरक. माझा खलबत्ता कुवैतला गेलाय, मीच पाठवलाय."